दाराशी कोणी आलं होतं का?

व्हिडिओ इंटरकॉम बिघडला तरी बोंब मारत नाही. आतल्या स्टेशनचा, म्हणजे दारावरचा कॉल घ्यायच्या उपकरणाचा, स्क्रीन चालू असतो, घड्याळ बरोबर असतं, कोपऱ्यातला हिरवा ठिपका जागेवर असतो; कॉल तेवढे येत नाहीत. आता कॉल येत नाहीत म्हणजे कोणी आलंच नाही, की आलेला माणूस तीनदा बटण दाबून, जरा वेळ थांबून निघून गेला, हे आत बसलेल्याला कळायला मार्ग नाही. आणि बाहेरच्याला तक्रार करायची तर त्याच्या हाताशी साधन एकच, तेच बंद पडलेलं बटण.

म्हणून इंटरनेटवर चालणारं असं स्टेशन उभारताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, स्क्रीन किती इंची, हे प्रश्न मागाहून आले तरी बिघडत नाही. आधी ठरवायचं ते हे, की बटण दाबल्यापासून आतला आवाज कानावर पडेपर्यंत बाहेरच्या माणसाच्या वाट्याला काय येणार, आणि मधे काही तुटलं तर ते आपल्याला कधी आणि कसं कळणार. या लेखातल्या बहुतेक सूचना शेवटी याच दोन गोष्टींपाशी येतात.

बटण दाबल्यावर नेमकं काय घडतं ते आधी पाहू. दारावरचं पॅनेल म्हणजे कॅमेरा, माइक, स्पीकर, बटण आणि एक रिले (कुलूप उघडणारा, विजेने ओढला जाणारा स्विच) असलेला छोटासा संगणक. त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो. बरीचशी पॅनेलं एसआयपी बोलतात. एसआयपी ही ऑफिसातल्या इंटरनेट फोनांची कॉल जोडायची पद्धत. तिचे आज चालणारे मूळ नियम २००२ सालच्या आरएफसी ३२६१ मध्ये आहेत. बटण दाबलं की पॅनेल ‘इन्व्हाइट’ हा संदेश पाठवतं: मला बोलायचंय, मला अमुक अमुक कोडेक (आवाज-चित्र आकड्यांत बांधायच्या पद्धती) येतात, आवाज आणि चित्र या पत्त्यावर पाठवा. समोरून १८० आलं म्हणजे घंटा वाजतेय, २०० आलं म्हणजे कुणीतरी उचललं. त्यानंतर आवाज आणि चित्र आरटीपी नावाच्या निराळ्या वाटेने वाहू लागतात. ही वाट निराळी आहे हे डोक्यात पक्कं ठेवावं. घंटा वाजली, कॉल उचलला गेला, पण आवाजच नाही, हा या धंद्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार या दोन वाटांमुळेच होतो. दार उघडायला आतला माणूस एक आकडा दाबतो, तो डीटीएमएफ, म्हणजे फोनच्या बटणांचा, संकेत बनून पॅनेलकडे जातो आणि रिले ‘टक्’ करून ओढला जातो.

कॉल कुणाच्या हातून जोडायचा याचे तीन मार्ग आहेत. एक पॅनेल आणि दोन-तीन स्टेशनं असतील तर पॅनेलमध्ये स्टेशनांचे आयपी पत्ते थेट लिहून भागतं. मधे सर्व्हर नको. दारं किंवा उत्तर देणारी माणसं वाढली की जागेवरच एक सर्व्हर ठेवावा. अ‍ॅस्टेरिस्कसारखं मुक्त सॉफ्टवेअर एखाद्या छोट्या, पंखा नसलेल्या संगणकावरही हे काम आरामात करतं. तिसरा मार्ग उत्पादकाच्या क्लाउडचा. तो बसवायला सगळ्यात सोपा, पण घेण्याआधी एक चाचणी कराच. राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटची वायर काढा आणि बटण दाबा. काही यंत्रणांत तेव्हा भिंतीच्या दोन बाजूंना असलेलं पॅनेल आणि स्टेशन एकमेकांशी बोलू शकत नाहीत, कारण त्यांचा कॉल दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येत असतो. बाहेरचं इंटरनेट गेलं म्हणून आपल्याच दाराची घंटा बंद पडावी, हे मला तरी पटत नाही. मोबाइलवरची सोय गेली तर गेली, भिंतीवरचं स्टेशन वाजलंच पाहिजे.

केबलच्या बाबतीत काटकसर नडते. पॅनेलला वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून देणारी पीओई पद्धत इथे सगळ्यात सोयीची. ८०२.३एएफ प्रकारात स्विचकडून १५.४ वॅट निघतात आणि केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात. साधं पॅनेल ५ ते १० वॅटमध्ये भागवतं. मोठा स्क्रीन किंवा थंडीसाठी हीटर असलेलं पॅनेल असेल तर ८०२.३एटी, म्हणजे ३० वॅटचा पोर्ट लागतो. स्विचपासून पॅनेलपर्यंत केबल १०० मीटरच्या आत हवी, आणि ती अख्ख्या तांब्याची हवी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल दिसायला हुबेहूब सारखी असते. तिचा रोध मात्र साधारण दीडपट. तिचा त्रास दिवसा दिसत नाही. संध्याकाळी अंधारलं की पॅनेलचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, टोकाशी व्होल्टेज घसरतं आणि पॅनेल रीस्टार्ट होतं. रोज तिन्हीसांजेला पॅनेल मिनिट-दोन मिनिटं गायब होत असेल तर सॉफ्टवेअर उकरत बसू नका, केबलचं टोक सोलून बघा. तसंच २४ व्होल्टची ‘पॅसिव्ह’ पीओई आणि ४८ व्होल्टच्या आसपासची प्रमाणित पीओई या दोन वेगळ्या चिजा आहेत. एकीचा अडॅप्टर दुसरीच्या उपकरणाला लावला तर उपकरण चालत नाही किंवा जळतं.

केबल भिंतीतून पॅनेलमध्ये शिरते तिथे तिला खाली झोळ देऊन मग वर वळवावी, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळातून टपकून जातं. पॅनेलभोवती सिलिकॉन भरताना वरची कड आणि दोन्ही बाजू भराव्या, खालची मोकळी ठेवावी. चारी बाजू बंद केल्या की आत साठलेल्या दमटपणाला वाट उरत नाही आणि काही महिन्यांत आरजे-४५ या लॅन प्लगच्या पिना हिरव्या पडतात.

पॅनेल कुठल्या उंचीवर लावायचं? कॅमेऱ्याची भिंग साधारण १.४ ते १.५ मीटरवर आली तर बहुतेकांचे चेहरे नीट दिसतात. पण व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचायचा तर बटण १.२ मीटरच्या वर नको. दोन्ही साधायचं असेल तर कॅमेरा वरच्या बाजूला आणि बटण खालच्या बाजूला असलेलं उभं पॅनेल घ्यावं, किंवा उभ्या दिशेने रुंद कोन असलेली भिंग पाहून घ्यावी. उजेडाचा प्रश्न याहून अवघड. माणसाच्या पाठीमागे उन्हातला रस्ता असेल तर चेहऱ्याच्या जागी काळी आकृती दिसते; उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारं डब्ल्यूडीआर हे सेटिंग चालू केल्याने फरक पडतो, पण सूर्य थेट भिंगेत येत असेल तर पॅनेलची जागाच बदलावी लागते. पॅनेल कोनाड्यात बसवलं तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड शेजारच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि अख्खं चित्र पांढुरकं होतं. यावर इन्फ्रारेड बंद करून दारावर एक साधा दिवा लावणं हा माझ्या मते जास्त चांगला इलाज आहे. रंग दिसतात, आलेल्या माणसालाही बटण सापडतं, आणि दिव्याला जमणारे कीटक भिंगेपासून थोडे लांब राहतात. इन्फ्रारेडच्या दिव्यांपाशी कोळी जाळं विणतो आणि मग रात्रभर स्क्रीनवर पांढरे दोर हलत राहतात.

आता कुलूप. इथे मात्र घाई करू नये, कारण इंटरकॉममधला खरा धोका कॅमेऱ्यात किंवा आवाजात नसून कुलपाच्या दोन तारांत असतो.

पॅनेलच्या मागे रिलेचे टर्मिनल असतात आणि सूचनापत्रकातली आकृती कुलूप थेट तिथेच जोडायला सांगते. तसं जोडलं की कुलूप उघडणाऱ्या दोन तारा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, चार स्क्रूंच्या मागे येऊन बसतात. पॅनेल उपसून त्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या की दार उघडलं. मग पासवर्ड कितीही अवघड असो. उपाय जुना आणि साधा आहे. रिले आत, सुरक्षित बाजूला बसवायचा. बऱ्याच उत्पादकांकडे असा वेगळा सुरक्षा रिले मिळतो. पॅनेलकडून त्याला सांकेतिक भाषेत आज्ञा जाते, त्यामुळे बाहेरच्या तारा टेकवून काही होत नाही. पॅनेलच्या मागचा टॅम्पर स्विचही, म्हणजे पॅनेल उपसलं की इशारा देणारा स्विच, सेटिंगमध्ये चालू करून ठेवावा. तो असतो, पण बहुधा बंद असतो.

वीज गेल्यावर कुलपाने काय करावं हे विकत घेण्याआधी ठरवायचं. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतं. इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसणारा विजेवरचा खटका, दोन्ही प्रकारांत मिळतो: वीज गेल्यावर उघडा राहणारा आणि बंद राहणारा. माणसं आतून बाहेर पळण्याच्या वाटेवर चुंबकी कुलूप असेल तर आगीच्या अलार्मचा संपर्क थेट कुलपाच्या वीजपुरवठ्यात घालावा, म्हणजे अलार्म होताच पुरवठा तुटेल. नेटवर्क किंवा सर्व्हर यांच्या भरवशावर ही वाट ठेवू नये. अग्निसुरक्षेचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी बघून घ्या.

तारेच्या जाडीचा हिशेबही इथेच करावा. १२ व्होल्टचा आणि अर्धा अँपिअर ओढणारा स्ट्राइक ३० मीटरवर आहे असं धरू. जाऊन-येऊन ६० मीटर तार झाली. अर्धा मिलिमीटर व्यासाची, म्हणजे लॅन केबलमधल्यासारखी तार वापरली तर तिचा रोध साधारण ५ ओहम. अडीच व्होल्ट वाटेतच गळतात आणि स्ट्राइकला साडेनऊ मिळतात. तो कधी ओढला जातो, कधी नुसता घरघरतो. त्याच जागी १ चौरस मिलिमीटरची तार घातली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. आणखी एक: डीसी कुलपाच्या दोन टोकांवर १एन४००७ हा डायोड उलटा जोडावा, पट्ट्याची बाजू धन टोकाला. कुलपातली कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. डायोड नसेल तर रिलेचे संपर्क जळतात, आणि त्याआधी एक विचित्र खोड दिसायला लागते, ती म्हणजे दार उघडलं की त्याच क्षणी कॉल तुटतो आणि पॅनेल रीस्टार्ट होतं. लोक याला सॉफ्टवेअरचा दोष समजून महिनोन् महिने अपडेट करत बसतात.

नेटवर्कमध्ये पहिली गोष्ट, पॅनेलची केबल इमारतीच्या बाहेर उघडी पडलेली आहे. पॅनेल काढून तिथे कोणी लॅपटॉप जोडला तर तो तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये बसला. म्हणून इंटरकॉमसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर निराळं काढलेलं नेटवर्क, करा, त्यातून फक्त सर्व्हर आणि स्टेशनांकडेच वाट ठेवा, आणि स्विच तेवढा शहाणा असेल तर त्या पोर्टवर ओळख पटल्याशिवाय आत न घेणारं ८०२.१एक्स लावा. पॅनेलला पत्ता डीएचसीपी रिझर्व्हेशनने कायमचा बांधून द्या. वेळेसाठी एनटीपी सर्व्हरही द्या. काही पॅनेलांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ती थेट १९७० सालात जातात. मग नोंदींच्या तारखा चुकतात हे सोडाच, पण एनक्रिप्टेड जोडणीचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं समजून पॅनेल सर्व्हरशी बोलायलाच नकार देतं.

बाहेरून, म्हणजे दुसऱ्या जागेवरून किंवा मोबाइलवरून उत्तर द्यायचं असेल तर राउटरमध्ये ५०६० हा एसआयपीचा पोर्ट उघडून देण्याचा मोह होतो. देऊ नये. इंटरनेटवर या पोर्टावर टकटक करत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. त्यांची पहिली खूण म्हणजे मध्यरात्री स्टेशनवर १०० किंवा १००१ अशा नंबरांवरून येणारे कॉल. उचलले तर पलीकडे कोणी नाही. सर्व्हरला बाहेर फोन लावायची लाइन असेल तर प्रकरण बिलापर्यंत जातं. वायरगार्डसारखा व्हीपीएन लावला की सगळी वाहतूक एका वाटेने, कुलूपबंद जाते आणि नॅटच्या, म्हणजे राउटर आतले पत्ते बाहेर जाताना बदलतो त्याच्या, निम्म्या कटकटी आपोआप मिटतात. शिवाय प्रत्येक स्टेशनला सांगावं की कॉल फक्त आपल्या सर्व्हरकडूनच घ्यायचे.

उरलेल्या निम्म्या कटकटी लक्षणांवरून ओळखता येतात, आणि त्या ओळखता येणं हेच निम्मं काम. एका बाजूचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूचा येत नाही: कुणीतरी ‘या पत्त्यावर आवाज पाठवा’ म्हणून आपला आतला, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिलाय आणि पलीकडचा तो बाहेर शोधतोय. राउटर सुरू केल्यावर थोडा वेळ सगळं ठीक, मग घंटाच येत नाही: यूडीपीने, म्हणजे पोच न मागता पाकिटं पाठवायच्या पद्धतीने, उघडलेली वाट राउटर विसरला. काही राउटर ३० सेकंदांतच विसरतात, म्हणून दर २०-२५ सेकंदांनी कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवणारा छोटा संदेश, पाठवायला सांगावं. कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटतो: उचलल्याची पोच, म्हणजे ‘अ‍ॅक’, परत पोचत नाहीये. एसआयपीत ती येईपर्यंत ३२ सेकंद वाट बघितली जाते आणि मग फोन ठेवला जातो. राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ बंद करा. मदत करतो म्हणत संदेशांमधले पत्ते बदलणारी ही सोय बहुधा बिघाडच करते. नुसता आवाजाचा कॉल जातो, व्हिडिओचा कॉल वाजतच नाही: इन्व्हाइटमध्ये कोडेकांची यादी इतकी लांबली की संदेश एका यूडीपी पाकिटात मावेना, आणि त्याचे तुकडे वाटेत गळाले. न लागणारे कोडेक काढून टाका किंवा एसआयपीला पोच घेऊन पाठवणाऱ्या टीसीपीवर हलवा.

कोडेक मोजके ठेवण्याचं हेही एक कारण. आवाजाला जी.७११ पुरतो, सेकंदाला ५० पाकिटं, एका दिशेला साधारण ८० ते ९० किलोबिट. दोन्ही बाजूंना चालत असेल तर जी.७२२ घ्यावा, नावं स्पष्ट ऐकू येतात. चित्राला एच.२६४, ७२० रेषा, १५ फ्रेम, १ ते २ मेगाबिट. एच.२६५ ने जागा वाचते, पण अनेक स्टेशनांना आणि मोबाइल अ‍ॅपना ते येत नाही आणि मग आवाज चालू, चित्र काळं. मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचं सेटिंग मुख्य फ्रेमच्या अंतराचं. पॅनेल अख्खं चित्र मधूनमधूनच पाठवतं, मधल्या काळात फक्त बदल. हे अंतर ४ सेकंदांचं असेल तर उचलल्यावर चार सेकंदांपर्यंत स्क्रीन काळा किंवा राखाडी चौकोनांचा राहू शकतो, आणि तेवढ्यात संभाषण अर्धं झालेलं असतं. सेकंदाला १५ फ्रेम असतील तर अंतरही १५ ठेवा. त्याशिवाय ‘अर्ली मीडिया’ चालू करा. मग उचलण्याआधीच, घंटा वाजत असतानाच चित्र दिसतं. उत्तर देणाऱ्याला त्या दोन-तीन सेकंदांची किंमत फार असते.

दार उघडायचा आकडा डीटीएमएफने जातो, आणि तो पाठवायच्या तीन पद्धती आहेत: आवाजातच सूर मिसळून, आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या आरटीपी पाकिटात, किंवा एसआयपीच्या ‘इन्फो’ संदेशातून. दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. दुसरी निवडावी. आवाजात मिसळलेला सूर आवाज आकुंचित करणाऱ्या कोडेकमधून जाताना विस्कटतो, आणि मग आकडा पाच वेळा दाबल्यावर एकदा दार उघडतं.

स्टेशन म्हणून नुसता मोबाइल ठेवू का, हा प्रश्न हमखास येतो. जोड म्हणून ठेवावा, मुख्य म्हणून नाही. मोबाइलमधलं अ‍ॅप झोपलेलं असतं. कॉल आला की सर्व्हर पुश पाठवतो, पुश फोनला जागं करतो, फोन अ‍ॅपला उठवतो, अ‍ॅप सर्व्हरवर नोंदणी करतं, मग घंटा वाजते. सगळं जुळून आलं तर एक-दोन सेकंद लागतात. नाही आलं तर बॅटरी वाचवणाऱ्या अँड्रॉइडने अ‍ॅप आधीच मारून टाकलेलं असतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला सूट द्यायलाच हवी. मुख्य स्टेशन भिंतीवरचं, टेबलावरचं किंवा संगणकावरचं असावं, आणि तेही केबलने जोडलेलं. हातात धरायचा रिसीव्हर असलेला फोन मला मोकळ्या स्पीकरपेक्षा केव्हाही बरा वाटतो. प्रतिध्वनी होत नाही, आणि बाहेरच्याचं बोलणं खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जात नाही. स्टेशन दारापासून तीन-चार मीटरवर असेल तर उघड्या स्पीकरने शिट्टी वाजतेच. पॅनेलच्या माइकचा गेन (संवेदनशीलता) आणि स्टेशनच्या स्पीकरचा आवाज दोन्ही थोडे उतरवूनच ती जाते.

घंटेची रचना बाहेरच्याच्या धीराने ठरवावी. पहिली १५ सेकंद मुख्य स्टेशन, मग सगळी स्टेशनं आणि मोबाइल एकदम, एकूण ४० सेकंदांच्या आत. त्याहून जास्त वेळ कोणी दारात थांबत नाही. एकाने उचलल्यावर बाकीच्यांची घंटा बंद व्हावी आणि तिथे ‘मिस्ड कॉल’ न दिसता दुसरीकडे उचलला असं दिसावं; हे सर्व्हर पाठवत असलेल्या रद्दच्या संदेशातल्या कारणावर अवलंबून असतं. दोन दारांवर एकाच वेळी बटण दाबलं गेलं तर दुसऱ्याला ‘व्यस्त’ मिळून त्याचा कॉल हवेत विरून जातो, असं बरेचदा मूळ सेटिंग असतं. तो कॉल रांगेत लावा आणि पॅनेलवरून ‘थोडं थांबा’ एवढं तरी वाजवा. स्टेशनवर दाराचं नाव दिसू द्या, ‘मागचं फाटक’, ‘माल उतरवायची जागा’. ११०२ असा नंबर दिसला तर घाईत भलतंच दार उघडतं. आणि आतल्या स्टेशनांवरचा ‘ऑटो-आन्सर’ बंद ठेवा. बाहेरून कॉल आला की आपोआप उचललं जाणारं स्टेशन म्हणजे घरात ठेवलेला उघडा माइक.

आता खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडे येऊ. चित्र आधी बघायचं, मग बोलायचं. ‘कोण पाहिजे आपल्याला?’ असं विचारावं. ‘कुरिअर का?’ असं विचारलं की समोरचा ‘हो’ म्हणणारच. उत्तर आपणच पुरवू नये. चेहरा दिसत नसेल तर कॅमेऱ्यासमोर एक पाऊल मागे या असं सांगायला संकोच नको. बहुतेक लोक बटणाला चिकटून उभे असतात आणि स्क्रीनवर नुसतं कपाळ येतं. एक वाक्य बोलून क्षणभर थांबायचं, कारण पॅनेल प्रतिध्वनी मारण्यासाठी एका वेळी एकाच बाजूला वाट देत असेल तर दोघं एकदम बोलल्यावर दोघांचेही शब्द खाल्ले जातात. दार उघडल्यावर कॉल लगेच ठेवू नये, मागून आणखी कोणी शिरतंय का ते दार मिटेपर्यंत बघावं. रिलेचा वेळ ५ सेकंद पुरतो; लांब फाटक असेल तर जास्त. ‘दार उघडलं’ हा संदेश रिलेवरून आलेला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की आज्ञा गेली. दार खरंच उघडलं का आणि परत मिटलं का, हे चौकटीतला चुंबकी सेन्सरच सांगू शकतो. तो लावा आणि ३० सेकंद दार उघडं राहिलं तर स्टेशनवर आवाज होऊ द्या.

आणि आवाजाची पातळी. कॉल न उचलले जाण्याचं माझ्या मते सगळ्यात नेहमीचं कारण नेटवर्क नाहीच: रात्रपाळीला कुणीतरी घंटा बारीक केली आणि सकाळी वाढवायची राहिली. ज्या स्टेशनात किमान पातळी बांधून टाकता येते तेच घ्या, नाहीतर पाळी बदलताना एक बटण दाबून घंटा ऐकायची रीत लावा.

या रीतीतच स्टेशनच्या शांततेवर भरवसा ठेवायची युक्ती आहे. सर्व्हरने दर मिनिटाला पॅनेलला ‘ऑप्शन्स’ हा संदेश पाठवून उत्तर येतंय का बघावं, आणि दोनदा आलं नाही तर स्टेशनवर लाल पट्टी यावी, शिवाय कुणाच्या तरी मोबाइलवर संदेश जावा. नोंदणीची मुदत बहुधा ३६०० सेकंद असते. ती १२० वर आणा, नाहीतर मेलेलं पॅनेल तासभर यादीत जिवंत दिसत राहतं. पण पॅनेल ‘मी आहे’ म्हणालं याचा अर्थ त्याचा माइक चालतोय असा होत नाही. काही पॅनेलांत स्वतःच्या स्पीकरवर सूर वाजवून स्वतःच्या माइकने ऐकायची चाचणी असते. असेल तर रोज पहाटे लावा. नसेल तर आठवड्यातून एकदा माणसाने बाहेर जाऊन बटण दाबावं. चित्र किती सेकंदात आलं, दोन्ही बाजूंचा आवाज, दार उघडलं का, नोंदीत वेळ बरोबर पडली का. पाच मिनिटांचं काम आहे. ओल्या मऊ फडक्याने भिंग तेव्हाच पुसून घ्यावी. दर दोन-तीन महिन्यांनी मुख्य वीज बंद करून तीच चाचणी करावी. पीओई स्विच, राउटर, सर्व्हर, स्टेशन आणि कुलपाचा पुरवठा ही सगळी साखळी यूपीएसवर आहे का, ते तेव्हा कळतं. स्विच यूपीएसवर आणि इंटरनेटचा डबा साध्या प्लगवर, हे फार वेळा सापडतं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात. ४० वॅटच्या भाराला प्रत्यक्षात तासाभराचाच हिशेब धरा. बॅटरी म्हातारी होत जाते तसा तोही घटतो, आणि तीन ते पाच वर्षांनी ती बदलावीच लागते.

चित्रं आणि संभाषणं साठवत असाल तर ती किती दिवस ठेवायची हे आधी ठरवा आणि तेवढ्या दिवसांनी ती आपोआप पुसली जाऊ द्या. रेकॉर्डिंग होतं ही सूचना पॅनेलशेजारी, वाचता येईल अशा अक्षरात हवी. आवाज साठवण्याचे नियम अनेक ठिकाणी चित्रापेक्षा कडक असतात.

फर्मवेअर अपडेट करताना आधी सध्याच्या सेटिंगची फाइल उतरवून घ्या, मग कमी वर्दळीच्या एका दारावरचं पॅनेल अपडेट करा, आठवडाभर बघा आणि नंतर बाकीची. अपडेटनंतर डीटीएमएफची पद्धत आणि कोडेकांचा क्रम मूळपदावर गेलेला सापडतो, ते दोन्ही तपासा. सेटिंगची ती फाइल, पॅनेलांचे पत्ते आणि दारागणिक रिले कुठे बसवलाय त्याची साधी आकृती कागदावर छापून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पासवर्ड त्या कागदावर नकोत.